शेजारच्या खिडकीची रांग

आपली खिडकी रिकामी आणि शेजारच्या खिडकीपुढे पार दारापर्यंत रांग, हे रोज सकाळी डोळ्यांनी बघितलंय का तुम्ही? नसेल तर मत्सर वाईट असतो, असं मला सांगायला येऊ नका. मी काचेतून हात हलवते, "इकडे या, इकडे कोणी नाहीये." लोक माझ्याकडे बघतात, ओशाळं हसतात आणि जागचे हलत नाहीत. एक आजोबा तर काठीवर रेलून म्हणाले, "राहू द्या बाई, मला काही घाई नाही." पाय लटलट कापत होते त्यांचे! तरी घाई नाही.

आम्ही इस्पितळात नोंदणीला आहोत. दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाचा केसपेपर निघतो, आणि केसपेपर काढायचा म्हणजे आधी एक फॉर्म भरायचा, तोही सगळा इंग्रजीत. नेम, एज, जेंडर, मॅरिटल स्टेटस, ऑक्युपेशन, नेक्स्ट ऑफ किन म्हणजे जवळचा नातेवाईक. कुणाला ते वाचता येत नाही, कुणाला येत असलं तरी त्या घडीला वाचायचं त्राण नसतं. म्हणून आम्ही काचेआड बसून आपल्या भाषेत विचारायचं आणि रकान्यात त्यांच्या भाषेत लिहायचं. पहिली खिडकी माझी. दुसरी माझ्या धाकट्या जावेची.

हो, सख्खी जाऊ. घरी एकच स्वयंपाकघर आणि कामावर एकच काच. मध्ये काय ती एक लाकडी फळी. म्हणजे मला सुटका अशी कुठेच नाही.

बरं, तिला इथे चिकटवली कुणी? मीच. भाऊजींचा, म्हणजे माझ्या दिराचा कारखाना बंद पडला, तेव्हा मीच ऑफिसात शब्द टाकला. इंग्रजी तिचं जेमतेम. आम्ही दोघी भाजी निवडत बसायचो आणि मी फॉर्ममधला एकेक शब्द तिच्याकडून घोटून घ्यायची.

"स्पाउज म्हणजे?" ती विचारायची.

"नवरा किंवा बायको. समोर बाई असेल तर नवरा, बुवा असेल तर बायको."

"आणि डिपेंडंट?"

"जो आपल्या कमाईवर जगतो तो."

"म्हणजे मला नोकरी लागली की आमचे हे डिपेंडंट?"

आतल्या खोलीतून भाऊजी ओरडले, "ऐकू येतंय मला!" ती तोंडावर पदर धरून हसत सुटली. मीही हसले. तेव्हा हसू येत होतं मला.

मग तिने विचारलं, "सिंगल, मॅरिड, विडोड कळलं. डिव्होर्स्डही कळलं. हे सेपरेटेड म्हणजे काय हो, ताई?"

मी म्हटलं, "लग्न आहे, पण माणूस नाही." आणि चूल बघायला उठले. आमचे हे दुसऱ्या गावी नोकरीला गेले ते आधी महिन्यातून येत, मग सणासमारंभाला, मग नुसता फोन. आता फोनही भाऊजींना येतो. घरात विचारणारा कुणी आला की आम्ही एका सुरात सांगतो, कामावर आहेत. माझ्या स्वतःच्या प्रत्येक फॉर्मवर मी 'मॅरिड' लिहिते, ठसठशीत अक्षरात. आणि हिचा नवरा, नोकरी नसली तरी, रोज संध्याकाळी घरात असतो. हिच्या चपला सुद्धा तो जागेवर ठेवतो. तेही मी बघतेच.

माझं काम कसं आहे ते सांगते, म्हणजे तुम्हीच न्याय करा. नाव? वय? मेल का फिमेल? लग्न झालंय? नवरा आहे? काय करतो? नातेवाईक कोण? सही किंवा अंगठा. झालं, पुढचा. एक रकाना रिकामा नाही, एक खाडाखोड नाही. माझ्या फॉर्मवरून वॉर्डात कधी उलट विचारणा आलेली नाही. आणि हिचं? एकेका माणसाला ती असं धरून बसते, जणू मुलीला मागणी घालायला आलाय. तरी रांग तिच्याकडे.

एकदा माझ्या खिडकीवर एक जण आला, की आली. मला कळेना, आणि जे कळत नाही ते मला सहन होत नाही. मी आपलं नेहमीसारखं खणखणीत विचारलं, "मेल, फिमेल का अदर? मोठ्याने बोला, काचेतून ऐकू येत नाही." बाकावरच्या सगळ्या माना वळल्या. तो माणूस मागे सरला आणि शेजारच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. मी बघत होते. त्याची पाळी आली तेव्हा हिने बाकीचं विचारून घेतलं आणि त्या रकान्यापाशी आल्यावर फॉर्म उलटा फिरवून फटीतून बाहेर सरकवला, वर पेन ठेवलं. "ह्या चौकोनांत तुमची तुम्ही खूण करा." त्याने केली. हिने फॉर्म घेतला आणि बघितलंही नाही, सरळ खालच्या रकान्याकडे वळली.

आणि गंमत म्हणजे त्या दिवसापासून ती सगळ्यांनाच पेन द्यायला लागली. भरघोस मिशांचा एक ड्रायव्हर आला, तो म्हणाला, "हे काय विचारायचं झालं का?" ही म्हणते, "मी सगळ्यांनाच देते, भाऊ." त्याने लाजत लाजत खूण केली आणि जाताना दोनदा मागे वळून बघितलं. बाहेरच्या माणसाने फॉर्मवर लिहिणं नियमात बसत नाही, म्हणून मी आमच्या मोठ्या बाईंच्या कानावर घातलं. ऑफिसच्या मुख्य आहेत त्या, सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणतात. त्यांनी विचारलं, "खूण नीट दिसते का?" मी म्हटलं, दिसते. "मग झालं तर." माझा नुसता तिळपापड झाला.

ती नेमकं काय बोलते ते मात्र कळत नव्हतं. आवाज इतका हळू की फळीच्या अलीकडे एक शब्द येत नाही. एकदा पेन पडल्याचं निमित्त करून मी फळीला कान लावला, तर नेमका शिपाई चहा घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, कान दुखतोय का?" घरी विचारावं म्हटलं, तर घरी ही मुकी. तिथे साऱ्या जगाशी गुळमट बोलून आली की घरात आमच्या वाट्याला नुसतं 'हं' आणि 'नाही'. चपला काढायच्या, मागच्या गॅलरीत जाऊन बसायचं, दिवेलागण झाली तरी उठायचं नाही. भाऊजी चहा नेऊन देतात, तो गार होतो. मी मनात म्हणायची, चढलंय बाईंना. रांग डोक्यात गेलीय.

अशात मोठ्या बाईंनी मला एकटीला आत बोलावलं.

"पुढच्या महिन्यापासून लोक मोबाइलवरच फॉर्म भरून येतील," त्या म्हणाल्या. "एक खिडकी पुरे. एकीने वर राहायचं, एकीने तळघरात रेकॉर्डला जायचं. पगार तोच. तुम्ही सीनियर आहात आणि तुमच्या घरातलाच मामला आहे, म्हणून तुम्हीच सांगा कोण कुठे. शनिवारी मला सांगा. तोवर बोलू नका कुणाला."

मी बाहेर आले ती हवेत तरंगतच. रेकॉर्डची खोली म्हणजे छतापर्यंत फायली, एक ट्यूबलाइट, आणि माणूस औषधालाही नाही. म्हटलं, बस आता तिथे, फायलींना गोड बोल. सगळी रांग माझ्याकडे येणार होती. दुसरी खिडकीच नाही म्हटल्यावर जाते कुठे? झक मारत येणार.

पण ते 'झक मारत'च मला रात्रंदिवस टोचायला लागलं. ते आजोबा येतील, काठी टेकून उभे राहतील, आणि बंद खिडकीकडे बघत मला उत्तरं देतील. ते तोंड मला रोज बघावं लागेल. मग ठरवलं, ही बोलते काय ते एकदा कानांनी ऐकायचं. ते शिकून घ्यायचं, आणि मग खुशाल तिला खाली धाडायचं.

निमित्त होतंच. गेले बरेच दिवस माझ्या उजव्या कुशीत कळ यायची. डॉक्टरांना दाखवायचं म्हणजे मलाही केसपेपर लागणार. मी रजा टाकली आणि साधी पेशंट म्हणून रांगेत जाऊन उभी राहिले. त्या दिवशी माझी खिडकी बंद, त्यामुळे रांग लांब होती याचं श्रेय मी तिला देत नाही.

सरकत सरकत पुढे आले. माझ्यापुढे एक म्हातारी होती, हातात कापडी पिशवी. आता मला सगळं ऐकू येत होतं.

"घरी कोण कोण असतं, आजी?"

"मी आणि मांजर."

मी मनात म्हटलं, संपलं. लिही, विडोड. नेक्स्ट ऑफ किन, निल.

"आज डॉक्टरांनी ठेवून घेतलं तर मांजराला दूध कोण घालेल?"

"समोरची घालेल. ती शिवणकाम करते. माझ्याकडे तिची किल्ली असते, तिच्याकडे माझी."

"तिचा नंबर आहे?"

पिशवीतून एक चिठ्ठी निघाली. हिने नंबर उतरवून घेतला आणि नेक्स्ट ऑफ किनच्या रकान्यात त्या शिवणकामवालीचं नाव लिहिलं. नातं काय, तर शेजारीण. म्हातारी म्हणाली, "आमचे मालक गेल्यापासून तीच बघते हो." झालं, विडोडही आपसूक मिळालं. मी विचारलं असतं, 'नातेवाईक कोण?' तर 'कोणी नाही' एवढंच आलं असतं, आणि मी लिहिलं असतं निल. फॉर्म माझाही पूर्णच असता.

मग माझी पाळी आली.

"ताई? तुम्ही रांगेत कशाला उभ्या राहिलात? घरी सांगायचं ना, मी आणला असता काढून." असं म्हणत तिने खाली मान घालून लिहायला सुरुवात केली. नाव, वय, पत्ता. फिमेल. मॅरिड. भराभर, माझ्यासारखी. पेनही दिलं नाही. शेवटी फॉर्म फटीतून पुढे केला. "तुमचं सगळं मला पाठच आहे."

मला कुणी चारचौघांत थोबाडीत मारल्यासारखं झालं. त्या म्हातारीला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, रस्त्यावरून आलेल्या कुणालाही ही विचारते. आणि मला विचारण्यासारखं हिला काहीच सापडू नये?

"विचार," मी म्हटलं.

"काय?"

"जे सगळ्यांना विचारतेस ते. मी रांगेत उभी राहिलेय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. लिहिलेला फॉर्म बाजूला ठेवला आणि कोरा घेतला.

"दुखतंय कुठे?"

"ते फॉर्ममध्ये नाहीये."

"माहितीये मला. दुखतंय कुठे?"

"उजवीकडे. कुशीत."

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"कुणाला बोलला होतात?"

"कुणाला बोलायचं?"

ती मॅरिटल स्टेटसच्या रकान्यापाशी आली, फॉर्म फिरवला आणि पेनासकट माझ्याकडे सरकवला. चौकोन तेच. आजवर परक्यांच्या लग्नांवर आणि मरणांवर मी त्यांत किती खुणा केल्या असतील, डोळे मिटून सांगेन कुठला चौकोन कुठे ते. पण माझा हात काही उचलेना. मागून कुणीतरी खाकरलं. मी सेपरेटेडवर खूण केली आणि फॉर्म झटक्यात परत ढकलला.

तिने बघितलं नाही. खरंच नाही बघितलं. पुढच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "रात्री कळ आली तर उठवायचं कुणाला?"

"तुला," मी म्हटलं. दुसरं होतं कोण?

नेक्स्ट ऑफ किनमध्ये तिने स्वतःचं नाव लिहिलं. नातं, जाऊ. त्याला इंग्रजी शब्द मी तिला शिकवला होता, पण तिने जाऊ असंच लिहिलं. मला तिथून हलावंसं वाटेना. अजून विचार, असं म्हणावंसं वाटत होतं. तेवढ्यात मागच्या बाईने माझ्या खांद्याला हात लावला, "अहो, आटपा की, आम्हीही उभे आहोत." आणि माझी जाऊ, जिने आत्ता मला सगळं विचारलं होतं, माझ्या मागे बघून अगदी त्याच आवाजात म्हणाली, "या, बसा. सोबत कोण आलंय?"

आजवर मी तिच्यावर जळत होते, रांग तिची म्हणून. त्या क्षणी मी रांगेवर जळले. तो आवाज रोज सकाळपासून दुपारपर्यंत ह्या लोकांना मिळत होता, काही न करता, नुसतं उभं राहून.

शनिवारपर्यंत दोन्ही बाजूंनी विचार करून झाला. तिला खाली धाडली तर रांगेलाही ती मिळणार नाही, असंही एकदा मनात येऊन गेलं. मी काही देवमाणूस नाही. पण बोलायची वेळ आली तेव्हा मोठ्या बाईंपुढे मी म्हटलं, "माझी खिडकी बंद करा. मी जाते खाली."

"तुमचे फॉर्म एवढे चोख असतात," त्या म्हणाल्या. "कारण काय लिहू?"

"माझ्याकडे कोणी येत नाही," मी म्हटलं. इतकी वर्षं रोज दिसत होतं, पण तोंडाने बोलले पहिल्यांदाच. मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि कागदावर सही केली.

घरी गेले ती मोठ्या दिमाखात. म्हटलं, आता ही रडेल, 'ताई, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत' म्हणून गळ्यात पडेल. भाऊजींनी ऐकावं म्हणून त्यांना चहाही मागितला. ती नेहमीसारखी मागच्या गॅलरीत बसली होती. मी जाऊन सगळं सांगितलं. खिडकी तुझी, मी चालले तळघरात.

ती म्हणाली, "काय करून बसलात हो हे?"

"म्हणजे?"

"मी तर रोज वाट बघत होते, मोठ्या बाई मला खाली पाठवतील म्हणून. दोनदा तोंडानेही मागून झालं, त्या म्हणाल्या विचार करू." तिचा आवाज घरात इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तुम्ही विचारता, लिहिता, डबा खाता, घरी येता. मला नाही जमत तसं. ती मांजरवाली आजी डोक्यात बसून माझ्याबरोबर घरी आली. कालची ती पोर आली, नवऱ्याचं नाव घेताना थरथरत होती. रोज कुणीतरी येतंच. ह्यांनी चहा आणला की त्यांच्याशी बोलायला एक शब्द उरत नाही मला. मी मान वर करायची तर शेजारी तुमची खिडकी. रिकामी. तुम्ही आपल्या निवांत पेन पुसत बसलेल्या. मला इतका हेवा वाटायचा तुमचा! वाटायचं, देवा, एक दिवस, एकच दिवस, कुणी माझ्याकडे येऊ नये."

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. माझ्यावर कुणी जळावं असं माझ्याजवळ काही होतं, हे मला ठाऊकच नव्हतं. चांगला गुदगुल्या झाल्यासारखा आनंद झाला. मग तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. ती कालची नव्हती.

"अगं, मग बोलायचंस की एकदा," मी म्हटलं. "एका घरात राहतो आपण."

"तुम्ही कधी विचारलंत?"

मी तिच्याजवळ गॅलरीतच टेकले. विचारावं म्हणून तोंड उघडलं, आणि डोक्यात आलं ते नाव, वय, जेंडर, ऑक्युपेशन. त्यातलं सगळं मला माहीत होतं. त्याच्या पुढचं काय विचारतात, ते मला येत नव्हतं. ती माझ्याकडे बघत वाट पाहत होती.